आधी घर, मग गल्ली

वहिनी,

नानानं मला तुमच्याबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या. आपल्या समाजाचं मासिक निघतं, त्याच्या शेवटच्या पानावर गेलेल्यांचे फोटो येतात आणि खाली थोडा मजकूर. घरात लिहिणारा मी एकटाच, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘कष्टाळू, मनमिळाऊ, सर्वांशी प्रेमाने वागणाऱ्या.’ वाचून बघितलं आणि माझी मलाच शिसारी आली. कचेरीत राहून अशी वाक्यं लिहायची सवय लागते, ती कुणाच्याही नावाखाली खपतात. तो कागद मी फाडला. नानाला उद्या दुसरा लिहून देईन. हा मात्र मासिकासाठी नाही. तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे, म्हणूनच मला लिहायला जमतंय. समोर बसून सांगायला मला पाच वर्षं मिळाली होती.

तुम्ही सोनगीरहून नानाशी लग्न होऊन जळगावला आलात तेव्हा मी नववीत होतो. मेहरूणच्या तलावावर आपलं धुणं, घरी भट्टी आणि इस्त्री, असा नानाचा परिटाचा धंदा. तुम्ही येण्याआधी आपल्या घरात कपड्यांवरच्या खुणांचा नुसता सावळागोंधळ होता. आईनं एखाद्या सदऱ्याला फुली मारायची, नानानं दुसऱ्याला आकडा घालायचा, आणि सणासुदीला गठुडी वाढली की वकिलाचं धोतर मास्तरांकडे आणि मास्तरांचा कोट भलतीकडेच. मग आरडाओरडा, दारात भांडण, नानाचं गयावया करणं. तुम्ही महिनाभर नुसतं बघितलंत. नंतर एका सकाळी तुम्ही बिब्बा, सुई आणि चुना घेऊन बसलात आणि बिब्ब्याच्या धुऊनही न जाणाऱ्या काळ्या रसानं आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या खुणा नव्यानं घातल्यात. बाहेर आकृती, ती गल्लीची. गोल म्हणजे एक गल्ली, त्रिकोण म्हणजे दुसरी, चौकोन तिसरी. आत ठिपके, ते घराचे. खाली शेपूट असेल तर त्या घराला खळ लागते. तुमच्या वडिलांची ही पद्धत. सोनगीरला तुम्ही सातवी पास झाला होतात, पण हे शाळेतलं नव्हतं.

आई नाक मुरडून म्हणाली की सोनगीरचं शहाणपण जळगावात चालायचं नाही. पंधरा दिवसांत ते असं चाललं की एकही कपडा बदलला गेला नाही. नाना तर भावच खायला लागला. गिऱ्हाइकाला कॉलर उलटी करून दाखवायचा आणि म्हणायचा, बघा, ही आमची पद्धत. ‘आमची’ म्हणायची खोड आमच्या घराण्यातच आहे, माझ्यात ती जरा जास्तच उतरली.

मॅट्रिक झाल्यावर मी नोकरीच्या परीक्षांना बसायला लागलो ते तुम्हाला आठवत असेल. गणित येत होतं, निबंध येत होता, पण त्या आकृत्यांनी मला रडकुंडीला आणलं होतं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक फाटकं गाइड आणलं होतं, त्यात पानंच्या पानं तेच. चार आकृत्या, प्रत्येकीखाली दोन-तीन अक्षरं, आणि पाचवीखाली प्रश्नचिन्ह. कुठलं अक्षर कशासाठी आहे ते ओळखा आणि पाचवीची अक्षरं सांगा. खाली चार पर्याय. मी तासन्‌तास डोकं खाजवायचो. तुम्ही त्याच खोलीत इस्त्री करत असायचात. एका दुपारी कोळसे फुंकता फुंकता तुम्ही माझ्या खांद्यावरून पुस्तकात डोकावलात.

‘‘तीन नंबर,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘गोलमा दोन ठिपका शेतस ना, मंग तीन नंबर.’’

मी मागं उत्तरं बघितली. तीन नंबर. पुढचं विचारलं, तेही बरोबर. पानभर विचारलं. तुम्ही इस्त्री थांबवलीसुद्धा नाहीत. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण मी एकोणीस वर्षांचा मॅट्रिक पास आणि तुम्ही चूल-भट्टीतली बाई, माझा चेहरा पडला. तुमच्या ते लक्षात आलं असणार. कारण त्यानंतर तुम्ही कधी पटकन उत्तर दिलं नाहीत. आधी विचारायचात, भावजी, यातलं सारखं काय शे ते शोधा. सारखं जे आहे त्याचं अक्षरही सारखंच राहणार, बदललेलं असेल तेवढंच बदलणार. एवढीच युक्ती. बाकी गाइडात काय होतं ते सगळं या एका वाक्यात बसत होतं. तीन महिने दुपारी तुम्ही मला शिकवलंत आणि रोज असं दाखवलंत की मीच सोडवतोय.

आपलं एकच भांडण व्हायचं. तुम्ही खूण आतून वाचायचात. आधी ठिपके, मग गोल. मी बाहेरून वाचायचो, आधी गोल, मग ठिपके. मी म्हणायचो, जगात सगळीकडे मोठ्याकडून लहानाकडे जातात. तुम्ही म्हणायचात, गल्ली काय पायांना सापडते, घर चुकलं की बोभाटा होतो, म्हणून आधी घर बघायचं. एकदा मी फारच शहाणपणा पाजळला तेव्हा तुम्ही इस्त्री खाली ठेवलीत.

‘‘पत्रावर काय लिखतस तुम्ही? आधी घर, मंग गल्ली, मंग गाव. टपालखातं येडं शे का?’’

  तेव्हा मी चिडून म्हणालो की परीक्षेत पर्याय दिलेले असतात, त्यामुळे कुठूनही वाचा, काही बिघडत नाही. ते खरं होतं. माझ्या परीक्षेपुरतं खरं होतं.

मी पास झालो. मुलाखतीला जाताना तुम्ही माझा पांढरा सदरा असा कडक केलात की मला खांदे हलवायची भीती वाटत होती. धुळ्याच्या एका तांत्रिक प्रशिक्षण केंद्रात, प्रवेश परीक्षांच्या विभागात मला कारकुनी मिळाली. साहेब सज्जन गृहस्थ होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा पेपर काढून बघितला आणि विचारलं, आकृत्यांना पैकीच्या पैकी, कुणाकडे शिकलात? मी म्हणालो, स्वतःच तयारी केली साहेब. जीभ जराही अडखळली नाही.

दुसरं एक सांगतो, ते तुम्हाला माहीत नव्हतं. कचेरीत घरची चौकशी झाली तेव्हा मी सांगितलं की थोरल्या भावाचा जळगावात कपड्यांचा धंदा आहे. लोकांनी कापड दुकान समजलं. मी समजू दिलं. कुणी म्हणायचं, लग्नसराईत आम्हाला जरा सवलत द्या, तर मी हसून वेळ मारून न्यायचो. परीट म्हणून मला कुणी हिणवलं होतं अशातला भाग नाही. कुणी हिणवलं नव्हतंच. मीच आधी घाबरून बसलो होतो. सुट्टीत जळगावला आलो की बस स्टँडवरून घरी येताना तलावाचा रस्ता टाळायचो, न जाणो कचेरीतलं कुणी कामानिमित्त आलेलं असायचं आणि मला घाटावर नानाशी बोलताना बघायचं. तुम्ही विचारायचात, लांबून का आलात? मी म्हणायचो, पाय मोकळे केले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तलावाच्या मधोमध माणसं चालत जात होती. तुम्ही आणि नाना कुठल्या कुठल्या विहिरींवर गठुडी वाहून नेत होतात. त्याच वर्षात तुमचे हात गेले. आधीपासून सोड्यानं भेगा पडायच्याच, त्यात बिब्ब्याचा रस उतून फोड आले. बोटांच्या बेचक्यांत जखमा झाल्या, त्या काही केल्या भरेनात. डॉक्टर म्हणाले, पाण्यात हात घालायचा नाही. परिटाच्या बाईला हे सांगायला डॉक्टरांचं काय जातं, असं तुम्ही हसत म्हणालात, पण जेवताना तुम्ही भाकरी मोडू शकत नव्हतात. नाना तुम्हाला कुस्करून द्यायचा आणि आईसमोर लाजायचा.

अशात माझ्या केंद्रात एक नवा वर्ग निघाला. नकाशे आणि यंत्रांची चित्रं ट्रेस करायचं शिक्षण, वर्षभराचं, पुढे कारखान्यांत टेबल-खुर्चीचं काम. सातवी पास आणि तीस वर्षांच्या आतलं कुणीही चालेल, बायकाही चालतील. प्रवेशाची परीक्षा सगळी आकृत्यांची. मी हे घरी बोललो ते काही तुमच्यासाठी नव्हे, कचेरीच्या गप्पा म्हणून बोललो. जेवणं झाल्यावर तुम्ही भांडी बाजूला सारून माझ्यासमोर येऊन बसलात आणि विचारलंत, मी बसले तर चालेल का? तुम्हाला एकोणतीस पूर्ण झाली होती. आई म्हणाली, घर कुणी बघायचं. नाना म्हणाला, मी बघीन. आयुष्यात नाना आईसमोर एवढं ठाम दुसऱ्यांदा कधी बोललेला मी ऐकला नाही. तुम्ही मान खाली घालून दोन्ही तळहात पदरात गुंडाळून बसला होतात.

अर्ज मीच भरला. निघताना तुम्हाला बाजूला घेऊन बजावलं की केंद्रावर आपली ओळख दाखवायची नाही. मी परीक्षेच्या कामावर असणार, नात्यातलं माणूस परीक्षेला बसलेलं कळलं तर दोघांनाही त्रास. नियम तसा होताच. नियमाप्रमाणे मी साहेबांना आधी सांगून त्या दिवशी दुसरं काम मागून घ्यायला हवं होतं. सांगितलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, नात्यातल्या म्हणजे कोण, कुठल्या, काय करतात? ते टाळायला मी नियमाची अर्धी बाजू तुमच्या गळ्यात घातली. तुम्ही म्हणालात, बरं, नाही दाखवणार.

आता त्या पेपराचं सांगतो. तो इंग्रजीतून मराठीत मी केला होता. साहेब म्हणाले होते, सोप्या भाषेत करा. पण मला माझी मराठी दाखवायची होती. एका भागात वीस आकृत्या होत्या. वर तक्ता दिलेला, गोलाला क, त्रिकोणाला ख, एका ठिपक्याला प, दोन ठिपक्यांना म, शेपटाला त, असा. खाली प्रत्येक आकृतीसमोर रिकामी चौकट, तिच्यात अक्षरं लिहायची. पर्याय नाहीत. अक्षरं बाहेरून आत लिहायची, हे सांगणारी सूचना मी केली ती अशी: ‘बाह्याकृतीपासून अंतर्गत चिन्हांकडे या क्रमाने संकेताक्षरे लिहावीत.’ मूळ कागदावर एक सोडवलेलं उदाहरण होतं. छपाईच्या स्टेन्सिलवर जागा पुरेना म्हणून ते मी गाळलं. वाक्याला कात्री लावायचा जीव झाला नाही, उदाहरणाला लावली.

तुम्ही सकाळच्या एसटीनं एकट्या आलात. जांभळं लुगडं, हातांना खोबरेल तेल लावलेलं, ते कागदाला लागू नये म्हणून बरोबर फडकं. तिसऱ्या रांगेत बसलात. मी एकदा बघितलं आणि परत तिकडे नजर वळवली नाही. पहिला भाग झाला, दुसरा झाला. एका उमेदवारानं विचारलं, शिसपेन्सिल चालेल का, मी सांगितलं, चालेल. दुसऱ्यानं विचारलं, कच्चं काम मागं करू का, त्यालाही सांगितलं. मग तिसरा भाग सुरू झाला. साहेब दारात येऊन उभे होते, त्यांच्यासोबत केंद्रातले दोन मास्तर. हॉलमध्ये कागदांचा आवाज तेवढा येत होता. आणि तुम्ही उभ्या राहिलात.

‘‘भावजी,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘आधी घर का आधी गल्ली?’’

वहिनी, सगळ्या हॉलमध्ये त्या सूचनेबद्दल नेमका प्रश्न फक्त तुम्हाला पडला होता. बाकीचे बाहेरून बघत आत गेले, त्यांना दुसरी वाट असते हेच ठाऊक नव्हतं. तुम्हाला दोन्ही ठाऊक होत्या, आपण त्यावर महिनेच्या महिने भांडलो होतो. माझं ते ‘बाह्याकृती’वालं वाक्य तुमच्या डोक्यावरून गेलं, पण त्यात काय ठरवायचं आहे ते तुम्ही अचूक पकडलंत आणि समजेल त्या शब्दांत विचारलंत. मला फक्त ‘आधी गल्ली’ म्हणायचं होतं. दोन शब्द.

दोन-तीन जण हसले. एक मास्तर माझ्याकडे बघून म्हणाला, भावजी कोण? साहेबांनी भुवया उंचावल्या. 

‘‘बाई, प्रश्न विचारायचे नाहीत,’’ मी म्हणालो. ‘‘सूचना वाचा आणि खाली बसा.’’

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. राग नव्हता त्यात. तुम्ही पटकन खाली बसलात, फडकं उचललंत आणि मान खाली घातलीत. मी साहेबांना सांगितलं की खेड्यातल्या बायका कुणालाही भावजी म्हणतात. मास्तर हसला. साहेबही हसले आणि गेले. पुढचा पाऊण तास मी खिडकीपाशी उभा होतो. तुम्हाला बाई म्हणणारा मी, ज्याला तुम्ही तीन महिने खालच्या आवाजात शिकवलंत, का तर माझा चेहरा पडू नये.

पेपर तपासायला माझ्याकडेच आले. कागदावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक, पण तुमचं अक्षर मला ओळखू आलं. पहिले दोन भाग उत्तम. तिसऱ्या भागासाठी उत्तरांची पट्टी शेजारी धरली आणि मी लाल पेन्सिल खाली ठेवली. वीसच्या वीस उलटी. जिथं ‘कम’ हवं तिथं ‘मक’. जिथं ‘खप’ हवं तिथं ‘पख’. शेपूटवाल्या आकृत्यांतसुद्धा कुठं घसरण नाही. आधी घर, मग गल्ली, एकाही ठिकाणी गोंधळ नाही. त्या गठ्ठ्यात वीसपैकी वीस आकृत्या ओळखलेला दुसरा पेपर नव्हता.

साहेब शेजारच्या खोलीत चहा घेत होते. उठून दहा पावलं जायचं होतं आणि म्हणायचं होतं, साहेब, या उमेदवारानं क्रम उलटा धरलाय, पण सगळं बरोबर आहे, आणि चूक माझ्या सूचनेची आहे. साहेबांनी ऐकलं असतं. मी त्या माणसाबरोबर सात वर्षं काम करत होतो, त्यांनी नक्की ऐकलं असतं. फार तर विचारलं असतं, हा क्रम तुम्हाला कसा कळला? मग बोलण्यात बिब्बा आला असता, सोनगीर आलं असतं, मेहरूणचा घाट आला असता, आणि भावजी कोण तेही. मी बसून राहिलो. चहा संपल्याचा, कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मी पट्टीप्रमाणे वीस चुका मारल्या.  हात नेहमीसारखाच चालला.

यादीत तुमचं नाव आलं नाही. मी नानाला कार्ड टाकलं, ‘यंदा जमले नाही. पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न करावा.’ पुढच्या वर्षी तुम्हाला तीस पूर्ण होणार होती आणि तुम्हाला बसताच येणार नव्हतं, हे कार्ड लिहिताना मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. कचेरीतली वाक्यं, म्हटलं ना.

दिवाळीला आलो तेव्हा तुम्ही ताट वाढताना विचारलंत, ‘‘कितलं चुकनं, भावजी?’’ मी म्हणालो, थोडक्यात गेलं. तुम्ही म्हणालात, पण आकृत्यांचा तो अक्षरांचा भाग तरी बरोबर असेल ना? तेव्हा खरं सांगायची दुसरी संधी माझ्यासमोर ताटात वाढलेली होती. मी म्हणालो, त्यातच गेलं.  तुम्ही हसून म्हणालात की म्हणजे मला ते येतच नव्हतं, मी उगाच तुम्हाला शिकवत होते. आणि भाजी वाढलीत. मी जेवलो, वहिनी. पोटभर जेवलो.

त्यानंतर जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. तुमचे हात पुन्हा पाण्यात गेले, हे मला दिसत होतं. त्याबद्दल मी स्वतःला समजावून ठेवलं होतं. प्रवेश मिळाला असता तरी पुढं काम मिळालं असतंच असं कुठं आहे, असली वकिली मला जमते. पण तुम्ही खुणा घालणं सोडलंत, त्याला माझ्याकडे वकिली नव्हती. नाना सांगायचा की हिला काय झालंय कळत नाही, गठुडं बांधून झालं की परत सोडते, परत मोजते, मला म्हणते तुम्ही बघा बरं, माझ्या नजरेचा भरवसा नाही. बारा वर्षं तुम्ही कॉलर न उलटता नुसत्या बोटानं चाचपून घर सांगत होतात. आता गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून नानाकडे बघायचात. नाना वैतागायचा, आणि मी ऐकून घ्यायचो.

गेल्या वर्षी लता शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी करत होती. तुमची लेक, नजर तुमचीच. ती आकृत्यांचं पुस्तक घेऊन तुमच्याकडे आली, मी तिथंच होतो. तुम्ही पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाहीत. म्हणालात, मला त्यातलं काही कळत नाही बाई, काकांना विचार, ते त्यातले मोठे हुशार. मी तिला जवळ बसवलं आणि शिकवलं. म्हणालो, आधी सारखं काय आहे ते शोध, सारखं जे असेल त्याचं अक्षर सारखंच राहणार. तुम्ही दारात बसून तांदूळ निवडत होतात. तुम्ही ऐकत होतात आणि तुमच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. माझं कौतुक. मला तेव्हा उठून तुमच्या पायाशी बसावंसं वाटलं. बसलो नाही, लता काय म्हणेल, नाना काय म्हणेल. माझ्याकडे त्या वेळीसुद्धा कारण तयार होतं.

मग तुमची कावीळ. हात आणि हे दुखणं यांचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी तुम्हाला मारलं असं म्हणण्याएवढाही मी मोठा नाही. तुम्हाला जळगावहून धुळ्याच्या दवाखान्यात आणलं, मी इथं आहे म्हणून सोय होईल असं नाना म्हणाला. मी रोज सकाळी उसाचा रस आणि उकडलेलं पाणी घेऊन यायचो, नाना रात्रभर बसलेला असायचा तो अंघोळीला माझ्या घरी जायचा. तेवढा एक तास आपण दोघंच. मी मनाशी ठरवलं होतं की या तासात सांगायचं. सोमवारी ठरवलं, तुम्हाला झोप लागली होती. मंगळवारी बाजूच्या खाटेवरच्या बाईकडे पाहुणे होते. बुधवारी मी वाक्य जुळवून आलो होतो. वहिनी, त्या परीक्षेत तुमची सगळी उत्तरं बरोबर होती. एवढंच म्हणायचं, पुढचं आपोआप येईल, असं वाटत होतं. मी स्टूल ओढून बसलो. तुमचे डोळे पिवळेधमक होते, पण उघडे होते, आणि तुम्हीच आधी बोललात.

‘‘भावजी, एक सांगनं व्हतं. त्या परीक्षाले तुम्ही सांगेल व्हतं, वळख दाखाडानी नही. तरी मी बठ्ठासमोर तुम्हले हाक मारी. साहेबसमोर तुमनी मान खाले गई. मना मनमा ते ऱ्हाई गयं. माफ करज्यात.’’

म्हणजे पाच वर्षं तुम्हीही तो दिवस वाहत होतात, सगळ्यांसमोर मारलेली ती हाक, आणि तुमच्या वाट्याला अपराध आला होता तो तुमचा. मला बोलायचं होतं. माझं वाक्य तोंडात तयार होतं. पण तुम्ही माझ्याकडे इतक्या काकुळतीनं बघत होतात की मला वाटलं, आधी यांचं मन शांत करू, माझं उद्या सांगू. तुमचा हात मी हातात घेतला आणि म्हणालो, ‘‘जाऊ द्या वहिनी. मी कधीच मनात ठेवलं नाही.’’

‘‘बरं व्हयनं,’’ तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. गुरुवारी तुम्हाला शुद्ध नव्हती. शुक्रवारी तुम्ही गेलात.

नाना सगळ्यांना सांगतो की ती शेवटी फार समाधानात होती. खरं आहे ते. मी तुम्हाला माफ केलं होतं.